गोष्टीतली चेटकीण आणि पाड्यावरची म्हातारी

मुलांसाठी काढलेल्या एका सोळा पानी रंगीत गोष्टीवर त्रैमासिकाची पाने खर्ची घालावीत काय, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. वाद घालावा तो मोठ्यांच्या कादंबऱ्यांवर, नाटकांवर, फार तर प्रवचनांवर. बालवाङ्मयाकडे कौतुकाने पाहावे आणि पुढे जावे, अशी आपल्याकडील रीत आहे. ही रीत आम्हांस मान्य नाही. मोठ्या माणसाने वाचलेले पुस्तक त्याच्या मतांत भर घालते. लहान मुलाने वाचलेले पुस्तक त्याच्या भीतीला आणि प्रेमाला आकार देते. मत पुढे बदलता येते. कोणाला भ्यावे आणि कोणाच्या कुशीत शिरावे, हे मात्र बालपणी एकदा ठरले की सहसा बदलत नाही. म्हणूनच मुलांच्या पुस्तकाची तपासणी मोठ्यांच्या पुस्तकाहून कठोरपणे व्हावयास हवी.

नंदुरबार जिल्ह्यातील आमच्या धर्मग्रामात रविवारच्या धर्मशिक्षण वर्गातील मुलांना एका हितचिंतक संस्थेने सचित्र पुस्तिकांचे गठ्ठे भेट दिले. संस्थेचे व प्रकाशकाचे नाव आम्ही देत नाही, कारण आमचा वाद पुस्तिकेशी आहे, देणाऱ्याच्या हेतूशी नाही. मुलांच्या हाती पुस्तक पडावे ही इच्छा स्तुत्यच आहे. त्या गठ्ठ्यांतील एक पुस्तिका म्हणजे 'हान्सेल आणि ग्रेटेल'. मुलांत तीच सर्वाधिक फिरली आणि तिच्यावरच आम्हा पालकांची व धर्मशिक्षकांची हरकत आहे.

गोष्ट बहुतेकांना ठाऊक आहे. देशात महागाई व उपासमार आहे. एका गरीब लाकूडतोड्याच्या घरी चौघांना पुरेल एवढी भाकर नाही. सावत्र आईच्या आग्रहाखातर बाप आपल्या दोन मुलांना रानात सोडून येतो. पहिल्या वेळी पांढऱ्या खड्यांच्या खुणेने मुले घरी परततात. दुसऱ्या वेळी खुणेसाठी टाकलेले पावाचे तुकडे पाखरे खाऊन टाकतात. भुकेलेली मुले पाव, केक व साखर यांनी बांधलेल्या घरापाशी पोचतात. त्या घरात एकटी म्हातारी राहते. ती मुलांना खाऊ घालते, पण ती असते चेटकीण; हान्सेलला कोंडून, पुष्ट करून खाण्याचा तिचा बेत असतो. शेवटी ग्रेटेल तिला पेटलेल्या भट्टीत ढकलते, दार लावून घेते आणि म्हातारी जळून मरते. मुले तिच्या घरातील मोती व रत्ने खिशांत भरतात आणि बापाकडे परततात. सावत्र आई तोवर मेलेली असते. सारे सुखी होतात.

जर्मनीतील याकोब व विल्हेल्म या ग्रिम बंधूंनी ही कथा १८१२ साली आपल्या संग्रहात प्रसिद्ध केली. १८९३ साली एंगेलबर्ट हुम्परडिंक याने तिच्यावर संगीतिका रचली आणि युरोपात नाताळच्या दिवसांत ती आजही आवडीने पाहिली जाते. अशी जगमान्य कथा मराठीत यावी याबद्दल आमची तक्रार नाही. आमची तक्रार ती आमच्या मुलांपर्यंत ज्या रूपाने आली त्याबद्दल आहे.

या पुस्तिकेच्या चित्रकाराने दोन्ही मुले मूळ कथेतल्यासारखीच ठेवली आहेत: सोनेरी केस, निळे डोळे, पायांत बूट, ग्रेटेलच्या अंगात झालरीचा झगा. बापही युरोपीय, घरही युरोपीय. परंतु म्हातारीपाशी येताच चित्रकाराला एकाएकी आपल्या देशाची आठवण झाली. तिच्या अंगावर ठिगळांचे लुगडे आहे, गळ्यात चांदीच्या जाड माळा आहेत, हातापायांत कडी आहेत, कातडी काळी आहे. मुखपृष्ठावर तिला 'चेटकीण' म्हटले आहे. आतील एका पानावर मात्र अनुवादकाने 'डाकीण' हा शब्द घातला आहे. अक्राणी किंवा अक्कलकुवा तालुक्यातल्या कोणत्याही पाड्यावरील मुलाने हे चित्र पाहिले, तर त्याला त्यात परदेशी चेटकीण दिसणार नाही. त्याला शेजारच्या झोपडीतील आजी दिसेल. कित्येकांना तर घरचीच दिसेल.

हे नंदुरबारमध्ये घडले म्हणून आम्ही इतके अस्वस्थ झालो आहोत. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. २०११ च्या जनगणनेनुसार येथील दर दहा माणसांत जवळजवळ सात आदिवासी आहेत. भिल्ल, पावरा, मावची, कोकणा अशा समाजांची ही भूमी. सातपुड्याच्या दऱ्याखोऱ्यांत 'डाकीण' हा गोष्टीतला शब्द नाही. तो आरोप आहे, आणि त्या आरोपाला शिक्षा आहे. डाकीण ठरवलेल्या बाईला मारहाण झाल्याच्या, तिला गावाबाहेर काढल्याच्या, प्रसंगी तिचा जीव घेतल्याच्या बातम्या या डोंगरपाड्यांतून वेळोवेळी आल्या आहेत. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकड्यांनुसार सन २००० ते २०१२ या काळात देशभरात चेटूक-करणीच्या संशयावरून दोन हजारांहून अधिक खून नोंदले गेले. नोंदले न गेलेले आणि खुनापर्यंत न पोचलेले छळ या आकड्यात धरलेले नाहीत.

हा आरोप जन्मतो कसा, हे डोंगरात राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मूल तापाने फणफणते, किंवा अंगाला सूज येऊन सांधे ठणकतात. गाय मरते. पीक बुडते. दवाखाना दूर असतो, पावसाळ्यात वाट बंद असते. घरचे लोक भगताकडे जातात. तो दाणे पाहतो आणि सांगतो की कोणीतरी मूल 'खात आहे'. मग हे 'कोणीतरी' शोधले जाते. शोध थांबतो तो बहुधा अशा बाईपाशी, जिच्या पाठीशी कोणी उभे राहणार नाही: विधवा, निपुत्रिक, म्हातारी, जराशी फटकळ, आणि कित्येकदा जिच्या नावावर चार बिघे जमीन आहे अशी. मुलाला खरोखर काय झाले होते? याच जिल्ह्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो. हातापायांची सूज, सांध्यांचे असह्य दुखणे, वारंवार येणारा ताप ही त्याची लक्षणे. कुपोषणाने येथील बालके दगावतात हे सरकारी कागदही नाकारत नाहीत. म्हणजे मुलाला खाणारे कोणी असलेच, तर ते आजार, भूक आणि आरोग्यसेवेची अनास्था हे आहेत. परंतु आजाराला झाडाला बांधून मारता येत नाही. म्हातारीला मारता येते.

आता हा प्रकार डोळ्यांपुढे ठेवून ती गोष्ट पुन्हा वाचावी, अशी आमची वाचकांस विनंती आहे. कथेत अपराध कोणाकोणाचे आहेत? उपासमारीचा आहे. मुलांना रानात टाकणाऱ्या आईबापांचा आहे. पण जळते कोण? रानात एकटी राहणारी म्हातारी. ज्या बापाने मुलांना टाकले त्याला कथा जवळ घेते; ज्या भुकेने हे सारे घडवले ती भूक म्हातारीच्या मोत्यांनी मिटते. घराचे दारिद्र्य, घरच्यांचे पाप, सगळे एका परक्या बाईच्या अंगावर टाकून तिच्यासकट भट्टीत जाळून टाकायचे आणि तिची मालमत्ता खिशात घालून घरी यायचे, असा या कथेचा सांगाडा आहे. सातपुड्यातील डाकीण-प्रकरणांचा सांगाडाही हाच आहे. त्या मोत्यांच्या जागी जमिनीचा तुकडा ठेवला की दोन्हींत फरक उरत नाही.

कोणी म्हणेल, 'पण कथेतील म्हातारी खरोखरच मुले खाणारी आहे. तिने मरावे यात अन्याय काय?' हा प्रश्न विचारणाऱ्याने जरा थांबावे. म्हातारी मुले खाते, हेच तर डाकीण ठरवलेल्या प्रत्येक बाईवरील आरोपपत्र आहे. गोष्ट त्या आरोपपत्राला पुराव्याविना सत्य मानते आणि वाचणाऱ्या मुलाकडूनही तसे मानून घेते. ग्रिमच्या कथेत तर चेटकिणीची ओळखच सांगितली आहे: डोळे लाल, नजर अधू, कुबडीचा आधार. धुराने भरलेल्या झोपडीत चुलीपुढे आयुष्य काढलेल्या, मोतीबिंदू झालेल्या, काठी टेकीत चालणाऱ्या कोणत्या म्हातारीला हे वर्णन लागू पडणार नाही?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि तो थोरांनी मांडलेला आहे. मानसशास्त्रज्ञ ब्रूनो बेटेलहाइम याने १९७६ साली परीकथांवर ग्रंथ लिहून असे प्रतिपादन केले की, भयंकर कथा मुलांना अपाय करीत नाहीत. उलट मुलाच्या मनात आधीच असलेल्या भयांना त्या रूप देतात आणि त्यांवर विजय मिळवता येतो हा धीर देतात. त्यापूर्वी कित्येक वर्षे इंग्रज लेखक जी. के. चेस्टरटन यानेही, जो पुढे १९२२ साली कॅथलिक झाला, असेच म्हटले होते: राक्षसी सर्प मुलाला गोष्टीमुळे कळत नाही, तो त्याला आधीच ठाऊक असतो, गोष्ट त्याला देते तो सर्पाला मारणारा संत जॉर्ज. हा विचार आम्हांस मनापासून पटतो. मुलांना भीतीच्या कथा देऊ नयेत असे आम्ही म्हणतच नाही.

परंतु चेस्टरटनचा सर्प कोणाच्याही शेजारी राहत नाही. पुस्तक मिटल्यावर मुलाने कितीही तलवार परजली तरी कोणाला इजा होत नाही, कारण मारण्यासाठी सर्पच नाही. आमच्या पाड्यावर मात्र पुस्तक मिटल्यावर ती म्हातारी दारात बसलेली असते. मुंबई-पुण्याच्या मुलासाठी चेटकीण ही निव्वळ करमणूक होऊ शकते. रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या' या बालनाट्यात दिलीप प्रभावळकरांनी रंगवलेली चिंची चेटकीण पाहून पिढ्यान्‌पिढ्या मुले खदखदून हसली, आणि त्यात कोणाचे काही बिघडले नाही. कारण त्या मुलांच्या इमारतीत कोणावरही चेटकीण असल्याचा आळ येत नव्हता. तीच काडी ओल्या लाकडावर टाकली तर विझते, वाळल्या गवतावर टाकली तर वणवा पेटतो. गोष्ट कोठे सांगितली जात आहे, याचे भान सुटले की निरुपद्रवी गोष्टही उपद्रवी होते.

येथे आमचे काही मित्र म्हणतील की, 'हा आदिवासींच्या अंधश्रद्धेचा प्रश्न आहे; त्याचे ओझे एका युरोपीय कथेवर कशाला?' या बोलण्यात एक छुपा गर्व आहे आणि तो मोडून काढणे हे ख्रिस्ती मासिक-त्रैमासिकाचे कर्तव्य आहे. चेटकिणी जाळणे हा आदिवासींचा शोध नव्हे. पंधराव्या ते अठराव्या शतकापर्यंत युरोपात चेटकीण ठरवून सुमारे चाळीस ते पन्नास हजार माणसांना मृत्युदंड दिला गेला, असा आजच्या इतिहासकारांचा अंदाज आहे. त्यांतील बहुसंख्य स्त्रिया होत्या. ज्या जर्मन भूमीत ग्रिम बंधूंनी आपली कथा टिपली, तेथेच हा वणवा सर्वांत मोठा होता. भट्टीत जळणारी म्हातारी तेथे केवळ कल्पना नव्हती. ती आठवण होती.

आणि ख्रिस्तसभा त्या काळी कोठे उभी होती? सत्य सांगावयाचे तर दोन्हीकडे. इसवी सनाच्या दहाव्या शतकारंभी लिहिल्या गेलेल्या एका प्रसिद्ध धर्मनियमाने असे बजावले होते की, रात्री आकाशातून फिरणाऱ्या बायकांच्या कथा हा भ्रम आहे आणि त्यांवर विश्वास ठेवणे हीच श्रद्धेपासून ढळण्याची खूण आहे. पण १४८४ साली पोप आठवे इनोसंट यांनी चेटकिणींच्या शोधास आपल्या फर्मानाने पाठबळ दिले. लवकरच हाइनरिक क्रामर या डोमिनिकन धर्मगुरूने चेटकिणींना ओळखण्याचे व शासन करण्याचे कुप्रसिद्ध पुस्तक लिहिले. १६२६ ते १६३१ या काळात बाम्बर्ग व वुर्त्सबुर्ग येथे, जेथे बिशपच राज्यकर्ते होते, शेकडो माणसे जाळली गेली. वुर्त्सबुर्गच्या चितांवर लहान मुलेही होती. प्रॉटेस्टंट प्रदेशही मागे नव्हते. स्वित्झर्लंडच्या ग्लारुस येथे आना गोल्डी या मोलकरणीचा १७८२ साली शिरच्छेद झाला. मालकाच्या मुलीवर करणी केल्याचा तिच्यावर आळ होता. तिला निर्दोष ठरवायला २००८ साल उजाडावे लागले.

त्याच अंधारात आमच्याच ख्रिस्तसभेतील दोन माणसे दिवा धरून उभी होती, आणि त्यांची नावे आपल्या मुलांना ठाऊक असावयास हवीत. पहिला स्पेनचा धर्मन्यायाधीश आलोन्सो दे सालाझार फ्रीयास. १६१० साली लोग्रोन्यो येथे चेटकिणी म्हणून माणसे जाळली गेल्यावर त्याने पुढील वर्षी गावोगाव फिरून सुमारे अठराशे जबाब तपासले. त्या जबाबांत बहुसंख्य होते ते मुलांचे! मुले सांगत होती की आम्ही रात्री चेटकिणींच्या मेळाव्याला गेलो. सालाझारने पुरावा शोधला आणि एकही सापडला नाही. त्याने वरिष्ठांना कळवले की, या भागात चेटकिणींची चर्चा आणि लिखाण सुरू होईपर्यंत येथे ना चेटकिणी होत्या ना चेटूक झालेले लोक. 'ही नुसती गोष्ट आहे' असे म्हणणाऱ्यांनी हा निष्कर्ष ध्यानात घ्यावा. मुलांच्या कानांवर जे पडत होते, तेच मुलांच्या जबाबांत उतरत होते, आणि त्या जबाबांवर माणसे चितेपर्यंत जात होती.

दुसरा जर्मन येशूसंघीय धर्मगुरू फ्रीड्रिख श्पे. १६३१ साली त्याने लेखकाचे नाव न देता 'काउत्सिओ क्रिमिनालिस' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचे म्हणणे साधे होते: असह्य यातना दिल्या तर कोणीही कशाचीही कबुली देईल, न्यायाधीशांना व धर्मगुरूंना त्याच यातना दिल्या तर तेही चेटकी ठरतील. तो काळ असा होता की असे लिहिणाऱ्यावरच संशय यावा. तरी त्याने लिहिले. १६३५ साली ट्रियर येथे प्लेगने आजारी पडलेल्या सैनिकांची शुश्रूषा करताना त्याला त्याच रोगाने मृत्यू आला. चेटकिणीची गोष्ट सांगायचीच असेल तर या श्पेची गोष्ट का सांगू नये? तिच्यात भय आहे, अंधार आहे, धाडस आहे, आणि शेवटी कोणाला भट्टीत ढकलावे लागत नाही.

काही भाविक याहून वेगळ्या टोकाला जातात. ते म्हणतात, 'जादू, चेटूक, बोलणारे प्राणी अशा सर्वच अद्भुत कथा ख्रिस्ती घरातून हद्दपार कराव्यात.' निर्गमच्या बाविसाव्या अध्यायातील चेटकिणीविषयीचे कठोर वचनही ते पुढे करतात. त्यांना आमचे सांगणे असे की, याच वचनाचा आधार घेऊन युरोपातल्या चिता रचल्या गेल्या. तेव्हा ते उच्चारताना हात थरथरावयास हवा. मागणीच्या पहिल्या भागाविषयी म्हणावे तर, अद्भुताला घाबरण्याचे ख्रिस्ती माणसाला कारण नाही. शास्ते या ग्रंथात योथाम झाडांची गोष्ट सांगतो. तिच्यात झाडे बोलतात व राजा निवडतात. बलामाची गाढवी आपल्या धन्याला बोलून ताळ्यावर आणते. प्रभू येशूने स्वर्गराज्याची रहस्ये दाखल्यांतून सांगितली. 'हॉबिट' लिहिणारे टॉल्किन हे निष्ठावंत कॅथलिक होते. ऑस्कर वाइल्डची १८८८ सालची स्वार्थी राक्षसाची कथा ज्याने वाचली आहे, त्याला परीकथा मुलाला बाळ येशूच्या जखमांपर्यंत कशी नेते हे सांगावे लागत नाही. त्या कथेत राक्षस आहे, पण त्याला जाळले जात नाही, तो बदलतो. कथा अद्भुत आहे की नाही हे पाहू नये. ती शेवटी माणसाला जवळ आणते की भट्टीत ढकलते, हे पाहावे.

दूर कशाला जावे? मराठी घराघरांत सांगितली जाणारी भोपळ्यातल्या म्हातारीची गोष्ट घ्या. तेच रान, तशीच एकटी म्हातारी. पण ती चालली आहे लेकीकडे. वाटेत वाघ-कोल्हे तिला खाऊ पाहतात आणि ती बुद्धीने त्यांना चकवते. येथे म्हातारी खाणारी नाही. तिला खाणारे दुसरे आहेत. मूल जिच्यासाठी श्वास रोखून धरते ती म्हातारीच आहे. आमच्या सातपुड्याचीही स्वतःची कथासंपदा आहे. महाशिवरात्रीला येथून हजारो आदिवासी बांधव सीमेपलीकडे गुजरातेत देवमोगऱ्याच्या यात्रेला जातात. तेथील याहामोगी ही त्यांची अन्न देणारी माता. 'याहा' म्हणजे आईच. आपली श्रद्धा वेगळी असली तरी एवढे मान्य करावेच लागेल की, जर्मनीच्या कथेत दुष्काळ पडल्यावर घरची आई मुलांना रानात पाठवते, आणि या डोंगरातला माणूस मात्र भुकेच्या वेळी आईचे नाव घेतो. मग आमच्या मुलांना, आपल्याच आजीच्या अंगावरची चांदी ही चेटकिणीची खूण आहे, असे परक्या पुस्तकाने का शिकवावे?

याच आजींच्या पिढीने काय केले, हेही सांगितले पाहिजे. १९७२ च्या सुमारास शहादा परिसरात श्रमिक संघटनेची चळवळ उभी राहिली, तेव्हा भिल्ल स्त्रियांनी दारूच्या अड्ड्यांवर चाल केली, मडकी फोडली, बायकोला मारणाऱ्या नवऱ्यांना जाब विचारला. त्या स्त्रियांपैकी ज्या आज हयात आहेत, त्या काठी टेकीत चालणाऱ्या म्हाताऱ्या झाल्या आहेत. चित्रकाराला रेखाटावयाचीच असेल तर ही म्हातारी आहे. तिच्यावर सचित्र पुस्तिका कोण काढणार?

'मूळ कथेत बदल करणे म्हणजे वाङ्मयाशी बेइमानी', असा एक शेवटचा आक्षेप उरतो. त्याला उत्तर ग्रिम बंधूंनीच देऊन ठेवले आहे. १८१२ च्या आवृत्तीत मुलांना रानात सोडा म्हणणारी त्यांची सख्खी आई होती. १८४० च्या आवृत्तीत ती सावत्र झाली. सख्ख्या आईचे हे रूप मुलांपुढे ठेवणे संपादकांना जड गेले असावे. म्हणजे आईच्या अब्रूसाठी कथा बदलता येते. मग आजीच्या जिवासाठी का येऊ नये? आम्ही तर कथा बदला असेही म्हणत नाही. या पुस्तिकेने मूळ कथेत नसलेले लुगडे, चांदी आणि 'डाकीण' हा शब्द आपल्या पदरचे घातले आहेत. बेइमानी झालीच असेल तर ती येथे झाली आहे.

आता कर्तव्याकडे वळू. धर्मशिक्षकांना आमची विनंती आहे की, ही पुस्तिका मुलांच्या हातून हिसकावून घेऊ नये. हिसकावलेले पुस्तक अधिक आवडीने वाचले जाते. ती वर्गात उघडावी आणि मुलांना चार प्रश्न विचारावेत. मुलांना रानात कोणी सोडले? शिक्षा कोणाला झाली? मोती कोणाचे होते? आणि ते कोणी नेले? या चार प्रश्नांची उत्तरे मुले स्वतः शोधतील, तेव्हा कथेचे विष उतरेल आणि विचार उरेल. त्यानंतर योहानाच्या शुभवर्तमानातील आठवा अध्याय वाचावा: एक बाई, तिच्याभोवती दगड घेतलेला जमाव, आणि जमिनीवर लिहीत बसलेला प्रभू. जमाव कोणाच्या बाजूने होता आणि प्रभू कोणाच्या, एवढे मुलांना कळले तरी वर्षाचे धर्मशिक्षण सार्थकी लागले असे आम्ही समजू.

प्रकाशकांना आमचे सांगणे असे की, 'डाकीण' हा शब्द मुलांच्या पुस्तकांतून काढून टाकावा. मराठीत भयाला शब्दांची टंचाई नाही. जो शब्द आजही एखाद्या बाईच्या पाठीवर काठी होऊन पडतो, तो करमणुकीसाठी वापरू नये.

आणि पालकांना, म्हणजे आम्हा सर्वांना: पुस्तिकेवर बोट ठेवणे सोपे आहे, आपल्या अंगणाकडे पाहणे अवघड. रविवारी मिस्सेला येणाऱ्या काही घरांतही मूल आजारी पडले की प्रथम भगताची वाट धरली जाते. काही ठिकाणी प्रार्थनेच्या नावाखाली कोणा शेजारणीच्या दृष्टीचे किंवा दुष्टात्म्याचे निदान केले जाते. भगताच्या दाण्यांनी नाव काढले काय आणि प्रार्थना करणाऱ्याने नाव काढले काय, बाईच्या वाट्याला येणारे मरण एकच आहे. मेवाड संस्थानाने डाकण-प्रथेवर १८५३ साली बंदी घातली. बिहारने १९९९ साली, झारखंडने २००१ साली स्वतंत्र कायदा केला. महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाल्यानंतर त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. त्या कायद्यान्वये एखाद्या व्यक्तीला करणी करणारी ठरवून तिचा छळ करणे हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कारावास व पाच हजारांपासून पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा आहे, आणि अशा प्रकारांवर लक्ष ठेवण्यासाठी पोलीस दक्षता अधिकारी नेमण्याची तरतूद आहे. पण कायदा तालुक्याच्या गावी असतो आणि जमाव दारात असतो. या दोहोंमधील अंतर शेजाऱ्याने भरून काढावयाचे असते.

म्हणून आमची मागणी एवढीच आहे. धर्मग्रामातील प्रत्येक लहान ख्रिस्ती समूहाने आपल्या पाड्यावरील एकट्या राहणाऱ्या विधवांची व वृद्धांची नावे लिहून ठेवावीत. त्यांच्या घरी मुलांना घेऊन जावे, त्यांच्या तोंडून गोष्टी ऐकाव्यात. मूल आजारी पडले तर त्याला दवाखान्यात नेण्यासाठी समूहाने गाडीभाडे उभे करावे, रक्ताची तपासणी करवून घ्यावी. आणि एखाद्या बाईचे नाव कोणी कुजबुजू लागले, तर त्याच संध्याकाळी समूहातील चार माणसांनी तिच्या दारात जाऊन बसावे, तिच्या चुलीवरचा चहा प्यावा, तिच्या हातची भाकर सर्वांदेखत खावी. विधवा व अनाथ यांचा समाचार घेणे हाच निर्मळ धर्म, असे संत याकोबाने आपल्या पत्रात सांगितले आहे. सातपुड्यात त्याचा अर्थ हाच होतो. ज्या मुलाने आपल्या बापाला त्या दारात बसलेले पाहिले, त्याच्या मनात कोणत्याही पुस्तकातली भट्टी पेटणार नाही.